मीठ गेले कुठे?

आमच्या गावच्या शाळेत रात्री मोठ्या माणसांचा वर्ग भरतो. दिवसा जिथे मुले बसतात, तिथेच रात्री त्यांचे आईबाप बसतात. बाके लहान पडतात, म्हणून आम्ही सतरंजी अंथरतो. नोकरीतून मोकळे झाल्यापासून हा वर्ग आमच्याकडे आहे. वाचन, लिहिणे, हिशेब हे तर रोजचेच. पण मागच्या पावसाळ्यात एके रात्री आम्ही सर्वांना पुस्तके मिटायला सांगितली आणि टेबलावर चार वस्तू मांडल्या. एक काचेचा पेला, एक लांब मानेची रिकामी बाटली, खड्या मिठाची पुडी, आणि दुकानदाराकडून मागून आणलेला तराजू.

पेला आम्ही पाण्याने काठोकाठ भरला. आणखी एक थेंब पडला तर सांडेल, इतका भरला. मग विचारले, "आता यात मीठ घालायचे. काय होईल?"

"सांडंल की!" सगळा वर्ग म्हणाला.

एक म्हातारबाबा तर रागावलेच. "ह्यात इचारायचं काय, गुरुजी? भरल्या घागरीत शेंगदाणा टाकला तरी पाणी भाईर येतंय. आमी काय ल्हान पोरं हाय?"

आम्ही मीठ बारीक कुटून घेतले होते. चहाचा लहान चमचा घेतला आणि काठाजवळून चिमूट चिमूट मीठ सोडू लागलो. एक चमचा संपला. पाणी सांडले नाही. दुसरा संपला. पाणी जागच्या जागी. तिसरा चमचा हाती घेतला, तेव्हा मागची मंडळी उठून टेबलाभोवती गोळा झाली. तिसराही मावला. चौथ्या चमच्याला मात्र एक ओघळ पेल्याच्या बाहेरून खाली आला.

म्हातारबाबा काही बोलले नाहीत. पण पुढे बसलेली एक सून गुडघ्यावर आली, डोळा पेल्याच्या काठाला लावला, आणि म्हणाली, "गुरुजी, पाणी वर फुगलंय. काठाच्या वर आलंय, पण सांडंना झालंय."

आम्हाला फार बरे वाटले. चाळीस वर्षे शिकवले, पण नीट पाहणारा विद्यार्थी मिळाला की अजूनही पहिल्या दिवसासारखाच आनंद होतो. तिचे म्हणणे खरे होते. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात. त्यामुळे पाण्याच्या वरच्या अंगाला एक प्रकारचा ताण असतो, ताणलेल्या पातळ कातड्यासारखा. अळूच्या पानावर थेंब गोल राहतो तो यामुळेच. भरल्या पेल्याचे पाणी काठाच्या थोडे वर फुगूनही सांडत नाही तेही यामुळेच. म्हणजे आमच्या पेल्यातली काही करामत मिठाची होती आणि काही पाण्याच्या फुगण्याची. एवढ्यावरून मिठाविषयी काही ठरवले असते, तर ती फसवणूक झाली असती.

म्हणून आम्ही बाटली पुढे ओढली.

बाटली पाऊण लिटरची होती. तिच्यात आम्ही शंभर ग्रॅम मीठ घातले. वरून हळूहळू पाणी सोडले. मिठाच्या खड्यांत हवा अडकलेली असते, ती निघून जावी म्हणून बाटलीला टिचक्या मारल्या. बुडबुडे यायचे थांबले. मग पाणी मानेत वरपर्यंत भरले आणि पाण्याची पातळी जिथे होती, तिथे बाहेरून दोरा बांधला. बूच लावले. बाटली तराजूच्या एका पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात वजने टाकली, वर थोडी ज्वारी टाकली, आणि काटा अगदी मध्यावर आणला. मग बाटली उचलून त्या सुनेच्या हाती दिली आणि म्हटले, "हलव. तळाचे मीठ दिसेनासे होईपर्यंत हलव."

तिने चांगली पाच मिनिटे हलवली. मीठ विरघळले. पाणी थोडा वेळ गढूळ दिसले, मग निवळले. बाटली टेबलावर उभी केली, आणि वर्ग गप्प झाला. पाणी दोऱ्याच्या खाली उतरले होते. जवळजवळ दोन बोटे खाली.

"बूच गळतंय." कोणी तरी म्हणाले. बूच पाहिले, कोरडे होते.

"मग पाणी गेलं कुठं?"

आम्ही उत्तर दिले नाही. बाटली पुन्हा पारड्यात ठेवली. काटा हलला, डुलला, आणि मध्यावर येऊन थांबला. वजन होते तेवढेच होते. एका दाण्याचाही फरक नाही. दुकानदार हसून म्हणाला, "माझा तराजू खोटा न्हाई, तेवढं लिहून ठेवा गुरुजी."

आता विचार करा. बाटलीतून काही बाहेर गेले नाही, हे तराजूने सांगितले. तरीही आतला माल कमी जागेत बसला, हे दोऱ्याने सांगितले. हे कसे?

पायलीने धान्य मोजणाऱ्याला हे समजायला अवघड नाही. एक पायली ज्वारी घ्या, एक पायली मोहरी घ्या. दोन्ही एकत्र करून पुन्हा मोजा. दोन पायल्या भरत नाहीत, कमी भरतात. मोहरीचे दाणे ज्वारीच्या फटींत जाऊन बसतात. वजन मात्र दोहोंचे मिळून जेवढे होते तेवढेच राहते. पाणी आणि मीठ यांचेही असेच काहीसे आहे. मिठाचा खडा म्हणजे अतिसूक्ष्म कणांची रचलेली भिंत. पाणी त्या भिंतीतला एकेक कण सुटा करते आणि भोवती घेरून आपल्यात नेते. हे कण इतके लहान असतात की डोळ्यांना काय, साध्या भिंगालाही दिसत नाहीत. ज्वारी-मोहरीपेक्षा इथे एक गोष्ट जास्त घडते. मिठाचे कण भोवतालच्या पाण्याला आपल्याकडे ओढून घट्ट बसवतात. म्हणून बाटलीत जागा उरली.

विरघळणे म्हणजे हे. विरघळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे.

हा धडा आम्ही त्याच रात्री का घेतला, ते आता सांगितले पाहिजे. सांगायला जड जाते, कारण चूक आमची होती.

त्याच्या तीन आठवडे आधी गावात जुलाबाची साथ होती. पहिल्या पावसाचे पाणी विहिरीत शिरले होते. आमच्या आळीतली एक बाई दारात आली. तिच्या दोन वर्षांच्या मुलाला सकाळपासून पाण्यासारखे जुलाब होत होते. आम्ही घाईत होतो. आम्ही म्हणालो, "घाबरू नको. मीठ-साखरेचे पाणी दे. सारखे देत राहा." एवढे बोललो आणि निघून गेलो. किती पाणी, किती मीठ, किती साखर, काही सांगितले नाही. आम्हाला वाटले, हे कोणालाही माहीत असते.

संध्याकाळी परत आलो तो मूल जास्तच मलूल. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. तांब्यात पाणी होते. स्वच्छ, आरपार दिसणारे. आम्ही बोट बुडवून जिभेला लावले आणि थू थू करून बाहेर टाकले. तोंडात धरवेना इतके खारट.

"किती मीठ घातलंस, बाई?"

"मूठभर घातलं जी. पण ते इरघळून गेलं. काय दिसंना. म्हणून आनिक मूठभर घातलं."

तिचे काय चुकले? दिसत नाही ते नाही, असे तिला वाटले. साखर मात्र तिने जपून घातली होती, कारण साखर महाग. ज्या मुलाच्या अंगातले पाणी आधीच निघून जात होते, त्याच्या पोटात तिने मिठवणी ओतले. इतके खारट पाणी आतड्यात गेले म्हणजे ते शरीराला पाणी देत नाही. उलट शरीरातलेच पाणी आतड्याकडे ओढून घेते.

एका शेजाऱ्याची मोटारसायकल मिळाली. मूल दवाखान्यात पोहोचले, सलाईन लागले, आणि तिसऱ्या दिवशी ते आईच्या कडेवर बसून घरी आले. आले म्हणून आज हे लिहिण्याचा धीर होतो. त्या तीन रात्री आम्हाला झोप नव्हती. मूठभर मीठ तिने घातले, पण माप न सांगणारे आम्हीच होतो.

पेल्यावर डोळा लावून बसलेली सून तीच. पाणी फुगलेले तिलाच दिसले, याचे आम्हाला नवल वाटले नाही.

तेव्हा आता माप. हे नीट वाचा, आणि घरात दुसऱ्याला वाचून दाखवा.

पिण्याचे स्वच्छ पाणी एक लिटर घ्यावे. उकळून गार केलेले असेल तर उत्तम. एक लिटर म्हणजे पाण्याची मोठी बाटली मिळते तेवढे. त्यात चहाच्या लहान चमच्याने सहा चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ घालावे. चमचे सपाट घ्यावेत, शीग लावू नये. चमच्यावरून बोट फिरवून जादा माल काढून टाकावा. सर्व विरघळेपर्यंत ढवळावे. मग स्वतः चव घ्यावी. डोळ्यांतले पाणी कधी ओघळून ओठांवर आले असेल, त्याची चव आठवा. त्याहून खारट लागले तर ते पाणी मुलाला द्यायचे नाही, ओतून टाकायचे आणि पुन्हा नवे करायचे. दर जुलाबानंतर थोडे थोडे, चमच्या-चमच्याने पाजावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध बंद करू नये. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नये.

आशाताईंकडे किंवा दवाखान्यात तयार पुडी मिळते. ती घरच्या पाण्याहून चांगली, कारण तिच्यातले माप ठरलेले असते आणि शरीराला लागणारे आणखी दोन क्षारही असतात. एक लिटरची पुडी असेल तर सबंध पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. पेलाभर पाण्यात सबंध पुडी घातली तर तीच चूक पुन्हा होईल. जुलाबासाठी जस्ताच्या गोळ्याही देतात, त्या सांगतील तितके दिवस पुऱ्या कराव्यात. आणि मूल पिईनासे झाले, सुस्त पडले, लघवी बंद झाली, जुलाबात रक्त दिसले, तर घरी काहीही करत बसू नये. थेट दवाखाना गाठावा. वाटेत पाणी पाजत जावे.

साधे पाणी पुरे होत नाही का, असे वर्गात विचारले गेले. साखर कशाला, असेही विचारले. त्याचे कारण असे. आतड्याच्या आतल्या अस्तरात जणू लहान लहान दारे असतात. त्यांतल्या काही दारांतून मीठ आणि साखर जोडीनेच आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. जुलाबात इतर वाटा बिघडल्या तरी ही जोडीची वाट पुष्कळदा चालू राहते. माप बरोबर असले तरच ती उपयोगी पडते.

ही गोष्ट आपल्या देशात फार मोठ्या संकटात कसाला लागली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सरहद्दीजवळच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तेथे काम करीत होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा त्यांनी मीठ, ग्लुकोज म्हणजे एक प्रकारची साखर, आणि खाण्याचा सोडा मापाने मिसळून पुड्या करविल्या. त्या पाण्यात विरघळवून रोग्यांना पाजल्या. पाजणारे बहुतेक रोग्यांचे नातेवाईकच होते. आधी शंभर रोग्यांत सुमारे तीस दगावत होते. ते प्रमाण चारच्याही खाली आले. डॉक्टर २०२२ साली वारले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. त्यांच्या पाण्यात दुर्मिळ असे काही नव्हते.

आता मिठाकडे परत येऊ. पाण्यात किती मीठ विरघळेल? कितीही नाही. एक लिटर पाणी सुमारे ३६० ग्रॅम मीठ आपल्यात घेते. त्यानंतर घातलेले मीठ ढवळून ढवळून हात दुखला तरी तळाशीच राहते. पाणी तापवले तर मीठ लवकर विरघळते खरे, पण फार जास्त विरघळत नाही. उकळत्या पाण्यातही चारशे ग्रॅमच्या आतच. साखरेची तऱ्हा वेगळी. तेवढ्याच पाण्यात साधारण दोन किलो साखर विरघळते, आणि उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहूनही जास्त. लाडवाचा पाक करणाऱ्या बायकांना हे आमच्याआधी ठाऊक आहे. गरम पाक घट्ट झाला आणि निवला की साखर पुन्हा खडे धरते. दोरा सोडून ठेवला तर त्याच्यावर खडीसाखर बसते.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सर्व क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात. म्हणजे समुद्र आपल्याला कितीही खारट लागला तरी त्याच्या पाण्यात मिठाला अजून पुष्कळ जागा आहे. दहापैकी नऊ वाटे पाणी उडून गेल्यावाचून मीठ खाली बसत नाही. उरण, पेण, वसई, शिरोडे या बाजूला मिठागरे पाहिली असतील, तर आठवा. भरतीचे पाणी एका वाफ्यात घेतात, ते उन्हाने आटले की पुढच्या वाफ्यात सोडतात, मग त्याच्या पुढच्या. शेवटच्या वाफ्यात मीठ धरते. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तो याच मिठासाठी. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे तळे समुद्रापासून शेकडो मैल लांब आहे, तरी खारे. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी नेते, क्षार मागे ठेवते.

सर्वच पदार्थ पाण्यात विरघळतात असे नाही. हळद पाण्यात घाला, काही वेळाने तळाशी बसेल. तीच तेलात घाला, तेल पिवळेजर्द होईल. हळदीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही. फोडणी आधी आणि पाणी मागून, ही रीत आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेवाचून शोधली. हाताला डांबर लागले तर पाण्याने निघत नाही, तेलाने निघते, ते याच कारणाने. हवाही पाण्यात विरघळते. मासे त्याच हवेवर जगतात. गरम पाण्यात ती कमी राहते, म्हणून ऐन उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात मासे वर येऊन तोंड उघडतात. फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवता तेव्हा बादलीला बाहेरून हात लावून पाहा. ती गार लागेल. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता घेतो.

युरियाचे नाव निघाले म्हणून वर्गातल्या एका शेतकऱ्याने विचारले, "पिकाला घातलेला युरिया सगळा पीक खातंय का?"

नाही. पिकाला पेलेल त्याहून जास्त घातला आणि वर जोराचा पाऊस झाला, तर उरलेला पाण्याबरोबर जमिनीत उतरतो. जमिनीत त्याचे रूप बदलून नायट्रेट नावाचा क्षार होतो. तोही पाण्यात पूर्ण विरघळतो. झिरपत झिरपत विहिरीला मिळतो. पाणी दिसायला नितळच राहते. एका लिटरमध्ये ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये असे आपल्याकडचे मानक आहे. एक ग्रॅमचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मिलिग्रॅम. जास्त नायट्रेटचे पाणी दूधपावडरीत कालवून तान्ह्या मुलाला पाजले तर त्याच्या रक्तात दोष येऊ शकतो, मूल निळसर पडते.

दुसरा असाच न दिसणारा पदार्थ फ्लोराइड. तो काही जातींच्या खडकांतून पाण्यात उतरतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांना त्याचा त्रास आहे. लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि दुसरे पाणी मिळत नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त वर्षानुवर्षे पोटात गेले तर लहान मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. पुढे सांधे धरतात, पाठ वाकत नाही. लोक म्हणतात, वय झाले. वय चाळीस असते.

इथे वर्गात मोठा वाद झाला. एक जण म्हणाला, "आमी पाणी गाळून पितो." दुसरा म्हणाला, "तुरटी फिरवतो." तिसरा म्हणाला, "आमच्यात उकळून पित्यात." आम्ही भांडण मिटवले ते त्याच बाटलीने. बाटलीतले खारे पाणी चौपदरी फडक्यातून गाळले आणि तिघांना एकेक घोट दिला. खारटच. तुरटी फिरवली. खारटच. उरलेले पाणी शाळेच्या चुलीवर निम्मे होईपर्यंत आटवले, निववून दिले. तिघांनी तोंडे वेडीवाकडी केली. ते दुप्पट खारट झाले होते.

म्हणून प्रत्येक उपायाचे काम ओळखावे. फडके कचरा अडवते. तुरटी गढूळपणा खाली बसवते. उकळण्याने रोगाचे जंतू मरतात, आणि ते फार मोलाचे काम आहे. पावसाळ्यात ते कधीही चुकवू नये. जंतू पाण्यात विरघळलेले नसतात. ते बारीक जिवंत जीव आहेत, म्हणून उष्णतेने मरतात. विरघळलेला क्षार मरायचा कुठून? तो जिवंतच नाही. पाणी उडते आणि तो मागे राहतो. फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे की नाही, हे मिठासारखे चवीनेही कळत नाही. त्यासाठी पाणी तपासावेच लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी तपासणीची प्रयोगशाळा असते, आणि ग्रामपंचायतीमार्फत नमुना पाठवता येतो.

त्या रात्री खाऱ्या पाण्यातले थोडे आम्ही पसरट थाळीत ओतून शाळेच्या पत्र्यावर ठेवले होते. मध्ये एक दिवस उघाड मिळाली. तिसऱ्या दिवशी वर्ग भरला तेव्हा थाळीत पाणी नव्हते. पांढरे, चौकोनी, चकचकीत दाणे होते. म्हातारबाबांनी एक दाणा जिभेवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "आलं की परत."

मग तेच पुढे म्हणाले, "गुरुजी, वरल्या वस्तीच्या बोअरचं पाणी लई नितळ. पर तिकडच्या पोरांचं दात बघितलं का?"

आम्ही बघितले होते. दर वर्षी पहिलीत नाव घालताना बघत होतो. आणि आई-बापांना सांगत होतो, दात घासत जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाच-सहा जण वरल्या वस्तीवर गेलो. प्लास्टिकची स्वच्छ बाटली घेतली. बोअर थोडा वेळ चालू दिला. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळली, मग भरली, झाकण घट्ट लावले. नमुन्यावर चिठ्ठी लावावी लागते. गावाचे नाव, पाणी कुठले ते, आणि घेतल्याची तारीख. आम्ही खिशातून पेन काढले, तर ती सून पुढे झाली. मूल कडेवरून खाली सोडले आणि म्हणाली, "मी लिवते."

तिने बाटली दगडावर टेकवून चिठ्ठी लिहिली. 'बोअर' हा शब्द लिहिताना अडली, आम्हाला विचारले, आणि लिहिला. ग्रामसेवकाने ती बाटली तालुक्याच्या गाडीने पाठवली. निकाल आला की वर्गात वाचायचा आहे. कोणी वाचायचा, ते ठरलेले आहे.